पाइप तयार, क्यूएपी नाही आणि पाऊस दारात

प्रश्न : कुडाळ एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात मी बरीच वर्षं सुपरवायझर होतो. आम्ही ४२ माणसं. आत्तापर्यंत घाटावरच्या साखर कारखान्यांचं आणि लोट्याच्या केमिकल कंपन्यांचं पायपिंग केलं. एप्रिलमध्ये एका सरकारी शिपयार्डची पहिली ऑर्डर मिळाली. युद्धनौकेच्या समुद्रपाण्याच्या लाइनचे ९०/१० क्युप्रोनिकेलचे (९० टक्के तांबं, १० टक्के निकेल) १८० पाइप स्पूल, म्हणजे पाइप आणि फिटिंग जोडून केलेले तुकडे, २५ ते १५० एनबी (मिलिमीटरमधला नाममात्र व्यास), आणि त्यांचे स्टीलचे ४०० सपोर्ट. किंमत १ कोटी २० लाख. मुदत ६ एप्रिलपासून २६ आठवडे, म्हणजे ५ ऑक्टोबर. शेठनी मला त्याच आठवड्यात 'ऑपरेशन्स मॅनेजर' केलं. काम काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "सगळं." सात आठवडे गेले. पाइप स्टॉकिस्टकडून आलेत, फिटिंग अर्धी आलीत, क्यूएपी, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा आराखडा, अजून मंजूर नाही. शेठ म्हणतात, कापायला घ्या, मंजुरी येईल मागाहून. पाऊस तोंडावर आहे. गणपती यंदा सप्टेंबरच्या मध्यावर, तेव्हा इथे कोण कामावर येणार? त्यात बिल अडकलं तर पगार कुठून करायचे? सुरुवात कुठून करू?
एक वाचक, कुडाळ

उत्तर : शेठना आधी एवढं सांगा की क्यूएपीवर सही-शिक्का होईपर्यंत ऑर्डरच्या पाइपला ग्राइंडर लागणार नाही. त्यांची घाई समजण्यासारखी आहे. केमिकल कंपनीच्या कामात पाइप आधी उभा राहतो, कागद मागाहून गोळा होतात, आणि पुष्कळदा ते खपूनही जातं. इथे खपत नाही. क्यूएपीत प्रत्येक टप्प्यासमोर लिहिलेलं असतं की काम कुणी करायचं, कुणी समोर उभं राहून पाहायचं, कुणी नुसता रिपोर्ट तपासायचा आणि कुठे तपासनीस आल्याशिवाय हात पुढे न्यायचा नाही. पाइप कापताना त्याचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या ज्या वितळणीतून तो आला तिचा क्रमांक, प्रत्येक तुकड्यावर उतरवावा लागतो आणि बऱ्याच क्यूएपींत पहिला थांबा हाच असतो. तुम्ही आधीच कापून बसलात, तर तो टप्पा कुणीच पाहिलेला नसतो. तपासणी नौदलाच्या गुणवत्ता यंत्रणेची असो, नाहीतर इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण संस्थेची, तुमचा तुकडा नेमका कुठल्या हीटचा हे नंतर कुणी मान्य करत नाही. चांगल्या धातूचं त्या क्षणी भंगार होतं, आणि क्युप्रोनिकेलचं भंगार फार महाग पडतं.

याचा अर्थ हात बांधून बसा असा नाही. मंजुरीच्या वाटेवरचे हे दिवस नीट वापरले, तर ऑक्टोबर वाचतो.

क्यूएपी अडतो कुठे ते पाहू. नव्या व्हेंडरच्या क्यूएपीवर येणारे शेरे बहुतेक सारखेच असतात. मानकाचं नाव लिहिलंय पण आवृत्तीचं साल नाही. स्वीकृतीच्या रकान्यात नुसतं 'ड्रॉइंगप्रमाणे'. रेडिओग्राफी किंवा डीपी टेस्ट (रंगद्रवाने तडे शोधणं) किती टक्के जॉइंटवर, ते नाही. हायड्रो टेस्टचा (पाणी भरून घ्यायच्या चाचणीचा) दाब लिहिलाय, तो किती मिनिटं धरायचा ते नाही. असे पंधरा शेरे आले की एकेकाला वेगळ्या मेलने उत्तर देऊ नका. एक तक्ता करा: शेरा, आमचं उत्तर, क्यूएपीचा बदललेला कलम क्रमांक. सगळं एकाच वेळी, एकाच पत्रात, नव्या रिव्हिजनसह. आणि ते घेऊन माणूस पाठवा. शिपयार्ड मुंबईचं असेल तर रात्री कोकणकन्येत बसा आणि सकाळी त्यांच्या टेबलासमोर हजर राहा. वास्कोचं असेल तर शंभर-सव्वाशे किलोमीटरच तर जायचंय. समोरासमोर दोन तासांत जे मिटतं, त्याला मेलवर तीन आठवडे लागतात.

त्याच वेळी हिंड्रन्स रजिस्टर, म्हणजे अडथळ्यांची नोंदवही, उघडा. साधी पानांचे नंबर घातलेली वही चालेल. क्यूएपी कधी दिला, शेरे कधी आले, उत्तर कधी गेलं, ड्रॉइंगची नवी रिव्हिजन कधी आली, तपासणीचं बोलावणं कधी दिलं आणि माणूस कधी आला. मेलचा संदर्भ शेजारी. या वहीचं काम शेवटी येतं, पण ती भरायची आजपासून. सप्टेंबरात आठवणीतून लिहिलेल्या तारखांना कुणी विचारत नाही.

आता आलेल्या पाइपांकडे. स्टॉकिस्टने दिलेली मटेरियल सर्टिफिकेटं उघडून पाहा. ईएन १०२०४ या युरोपीय मानकाप्रमाणे ती ३.१ आहेत की ३.२? ३.१ वर उत्पादकाच्याच, पण उत्पादन विभागाबाहेरच्या गुणवत्ता माणसाची सही असते. ३.२ वर त्याच्या जोडीला खरेदीदाराचा किंवा त्रयस्थ संस्थेचा तपासनीसही सही करतो. शिपयार्डने ३.२ मागितलं आणि तुमच्या हातात ३.१ असेल, तर मिलमधून मागाहून ३.२ मिळत नाही. तेव्हा ऑर्डर आणि ड्रॉइंगवरच्या टिपा आत्ताच पुन्हा वाचा. ३.२ लागणार असं दिसलं, तर प्रत्येक हीटमधून तपासनीसासमोर नमुना काढून एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासण्याची परवानगी लेखी मागा आणि ती क्यूएपीतच घालून घ्या. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर आणि पाइपवर ठोकलेला नंबर एकेक करून जुळवायला एक हुशार पोरगा दोन दिवस बसवा. न जुळणारा पाइप लाल पट्टी मारून वेगळा ठेवा.

राहिलेल्या अर्ध्या फिटिंगांत तुमचा खरा धोका आहे. पाइप सहसा मिळतो. अडतं ते ४०-२५ एनबीच्या रिड्यूसरवर किंवा नेहमीपेक्षा वेगळ्या जाडीच्या सहा एल्बोंवर, कारण एवढ्याशा नगांसाठी कुणी मशीन लावत नाही. १८० आयसोमेट्रिक ड्रॉइंगांमधून फिटिंगची एकत्र यादी काढा, आणि संख्येने सगळ्यात लहान ओळींपासून पाठपुरावा सुरू करा. दहा एल्बो लागत असतील तर बारा मागवा. एक जॉइंट दुरुस्तीत गेला की एल्बोही जातो.

वेल्डिंगचं आता. क्यूएपी लटकलेला असला तरी प्रोसिजर क्वालिफिकेशन, म्हणजे वेल्डिंगची पद्धत चाचणीने सिद्ध करणारा पीक्यूआर, पुढे नेता येतो. फक्त टेस्ट कूपनचं (चाचणीच्या तुकड्याचं) वेल्डिंग तपासनीसासमोर व्हायला हवं, म्हणून 'क्यूएपी मंजुरीआधी पीक्यूआर पाहाल का' हे त्याच भेटीत विचारा. एएसएमई ९ या वेल्डिंगच्या मानकाप्रमाणे कूपनमधून दोन टेन्साइल (ओढून) आणि चार बेंड (वाकवून) टेस्ट निघतात. लॅब मुंबई-पुण्याची किंवा गोव्याची. जाऊन-येऊन, रिपोर्टसह दोन-तीन आठवडे धरा. आणि एक गोष्ट इथे हमखास चुकते: कार्बन स्टीलवर टिग (आर्गॉन वायूतलं वेल्डिंग) पास झालेला तुमचा वेल्डर क्युप्रोनिकेलसाठी आपोआप पात्र होत नाही, कारण फिलरचा, म्हणजे जॉइंट भरणाऱ्या तारेचा, गट बदलतो. इथे ७०/३० जातीची, ईआरसीयूएनआय फिलर वायर लागते. प्रत्येक वेल्डरची वेगळी टेस्ट घ्या. पास झालेल्याने ती प्रक्रिया सहा महिने वापरली नाही तर पात्रता संपते, म्हणून कोण कुठल्या दिवशी काय वेल्ड करतो त्याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

किती वेल्डर लागतील ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. समजा, स्पूलमागे सरासरी ५ जॉइंट. १८० स्पूलचे ९०० जॉइंट झाले. सरासरी आकार ८० एनबी, म्हणजे ३ इंच. ९०० गुणिले ३, म्हणजे २७०० इंच-डाया. क्युप्रोनिकेलवर आतून आर्गॉन भरून, फिट-अप तपासून, एक वेल्डर पाळीला १२ इंच-डाया करतो असं धरू. तीन वेल्डर दिवसाला ३६ करतील, म्हणजे ७५ दिवस, साडेबारा आठवडे. क्यूएपी आणि पीक्यूआर आटपून काम २२ जूनला सुरू झालं, तर शेवटचा जॉइंट सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, ऐन गणपतीत. चार वेल्डर लावले तर ४८ च्या वेगाने ५७ दिवस, साडेनऊ आठवडे, ऑगस्टची अखेर. त्यात दुरुस्तीचे ५ टक्के म्हणजे आणखी तीन दिवस, आणि लावणीच्या दिवसांत गळणारा एक आठवडा घाला. तरीही हरतालिकेपूर्वी वेल्डिंग संपतं. तुमचा वेग १२ चा नसेल तर पहिल्या कूपनांवर मोजून हाच हिशेब पुन्हा मांडा. चौथा वेल्डर नेमायचा की नाही ही चर्चा शेठशी पगारावरून करू नका, हा तक्ता पुढे ठेवून करा. तो आजच शोधायला घ्या, कारण त्याचीही टेस्ट व्हायचीय.

लावणीबद्दल दोन शब्द. जूनच्या अखेरीपासून जुलैभर तुमच्या निम्म्या माणसांची शेतं त्यांना बोलावणार, आणि त्यांनी जायलाच हवं. अचानक दांडी पडण्यापेक्षा आधीच विचारून पाळ्या लावा: कुणी सकाळी शेतात आणि दुपारी दोन ते दहा कारखान्यात, कुणी सलग चार दिवस सुट्टी. गणपतीत मात्र तडजोड नाही. पाच दिवसांचा असो की अकरा, त्या आठवड्यात शून्य उत्पादन धरा. ओव्हरटाइमचं आमिष दाखवून दोन माणसं आणलीत तर त्यांचं लक्ष आरतीकडे असेल, आणि त्या जॉइंटांची दुरुस्ती तुम्हीच कराल.

आता पाऊस. कोकणातल्या कारखान्याचा या कामातला खरा शत्रू हाच. क्युप्रोनिकेलच्या वेल्डिंगला तीन गोष्टी चालत नाहीत: वारा, ओल आणि घाण. जूनच्या दमट उकाड्यात वेल्डर पेडेस्टल फॅन स्वतःकडे वळवतो, टॉर्चभोवतीचा आर्गॉन उडून जातो आणि जॉइंटमध्ये भोकं पडतात. फॅन काढून घेतलात तर तो लपवून आणील. त्यापेक्षा शेडच्या एका कोपऱ्यात पत्र्याचा बंद कप्पा करा आणि हवा वर छताकडून काढा. कार्बन स्टीलचं ग्राइंडिंग त्या कप्प्यापासून लांब ठेवा, ब्रश आणि ग्राइंडिंग व्हील वेगळी, त्यांच्या मुठीला रंग मारून. गंधक, शिसं किंवा फॉस्फरस असलेला खडू वा मार्कर जॉइंटजवळ लागला तर गरम असतानाच बारीक तडे जातात. कटिंग ऑइल आणि हाताच्या घामाचा चिकटाही नको. वेल्डिंगआधी दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसा. क्युप्रोनिकेलला प्रीहीट लागत नाही, मात्र दोन पासांमधलं तापमान १५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

आर्गॉनचा साठा हा कोकणातला स्वतंत्र विषय आहे. टॉर्चला मिनिटाला १० ते १२ लिटर, पाइपच्या आतल्या पर्जला (हवा हुसकावायला सोडलेल्या आर्गॉनला) ८ ते १०. मिळून सुमारे २०. तासाला १.२ घनमीटर. ७ घनमीटरचा सिलिंडर जेमतेम सहा तास पुरतो. चार वेल्डर, प्रत्येकाचे वायू सुरू असलेले पाच तास, म्हणजे दिवसाला साडेतीन सिलिंडर. सिलिंडर कोल्हापुराहून येत असतील तर फोंडा, करूळ किंवा आंबोलीच्या घाटात दरड पडली की दोन-चार दिवस गाडी येत नाही. तेव्हा दहा दिवसांचा साठा, ३५ भरलेले सिलिंडर, साखळीने बांधून उभे. पुरवठादार एवढे सिलिंडर फिरवायला देत नसेल तर जूनआधीच दुसरा पाहा. पर्ज करताना आत हवा उरली तर मुळाशी काळपट थर येतो आणि तो नंतर निघत नाही. लांब स्पूल पूर्ण भरत बसण्यापेक्षा जॉइंटच्या दोन्ही बाजूंना पाइपच्या आत बंध घाला. आर्गॉन वाचतो आणि वेळही.

वीज जाणार हे गृहीत धरा. चालू जॉइंट अर्ध्यावर थांबला तर मुळाचा पास पुन्हा घासून काढावा लागतो. टिग मशीन जनरेटरवर ठेवा आणि जनरेटरचा लोड आत्ता, कोरड्या दिवसांत, चारही मशीन लावून तपासा.

सपोर्टना दुय्यम समजू नका. क्युप्रोनिकेलकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि नाकारले जातात सपोर्ट. त्यांना ७०१८ इलेक्ट्रोड वापरणार असाल तर उत्पादकाच्या पत्रकाप्रमाणे, साधारण ३०० ते ३५० अंशांवर, एक-दोन तास ओव्हनमध्ये भाजा. नंतर १२० अंशांच्या खाली जाणार नाही अशा होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवा आणि वेल्डरला डब्यात अर्ध्या पाळीपुरतेच द्या. उघड्यावर चार तासांपेक्षा जास्त राहिलेला इलेक्ट्रोड परत ओव्हनकडे. जुलैत इथली आर्द्रता नव्वदीच्या आसपास रेंगाळते. ओल पकडलेल्या इलेक्ट्रोडमुळे वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि तडा दुसऱ्या दिवशी उघडतो, तपासणी होऊन गेल्यावर.

रंगाचंही तेच. ब्लास्टिंग, म्हणजे कणांच्या माऱ्याने साफसफाई, एसए अडीच दर्जाचं झालं की चार तासांच्या आत पहिला कोट. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नको, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी वर हवं. हायग्रोमीटर आणि पृष्ठभागाचा थर्मामीटर विकत घ्या, आकाशाकडे बघून ठरवू नका. समुद्रावरचा वारा खार आणतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ब्लास्टिंगनंतर ब्रेस्ल पॅचने क्षार मोजा. स्पेसिफिकेशनमध्ये मर्यादा दिलेली असेल, जहाजांच्या कामात ५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर हा आकडा बऱ्याचदा दिसतो. जास्त आला तर गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा ब्लास्ट. ४०० सपोर्टचं हे काम जुलैत करण्यापेक्षा शक्य तेवढं जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका, अर्थात सपोर्टचा क्यूएपी वेगळा आणि आधी मंजूर करून घेता आला तर. तसं मागा. अनेकदा देतात.

हायड्रो टेस्टचं पाणी हा किरकोळ दिसणारा आणि किरकोळ नसलेला मुद्दा. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. पाण्याचा क्लोराइड रिपोर्ट काढा, खाडीचं किंवा टाकीत सडलेलं पाणी वापरू नका. सल्फाइड असलेलं घाण पाणी आत उभं राहिलं तर क्युप्रोनिकेलचा संरक्षक थर धरतच नाही, आणि जहाजावर वर्षभरात पाइप गळतो. टेस्ट झाली की पाणी काढा, कोरड्या हवेने फुंका, दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकच्या टोप्या. दाब सहसा डिझाइनच्या दीडपट असतो. गेज टेस्टच्या दाबाच्या दीड ते चार पट रेंजचा, कॅलिब्रेशनची तारीख उलटलेला नको. एका मॅनिफोल्डवर सहा-आठ स्पूल एकदम लावा, नाहीतर तपासनीसाचे दिवस त्यातच जातील.

नाकारल्या जाणाऱ्या स्पूलांपैकी किती तरी वेल्डमुळे नसतात. फ्लॅंजच्या भोकांची दिशा चुकलेली असते, नाहीतर डावा-उजवा घोळ झालेला असतो. जहाजात पोर्ट आणि स्टारबोर्ड बाजूंचे स्पूल आरशातल्या प्रतिमेसारखे असतात. फिटर पहिला बरोबर करतो आणि दुसरा त्याच्यावरूनच मारतो, मग एकाच बाजूचे दोन होतात. प्रत्येक जोडीचं ड्रॉइंग वेगळ्या रंगाच्या कागदावर द्या आणि टॅक (वेल्डचे तात्पुरते टाके) झाल्यावर, पूर्ण वेल्डच्या आधी, दुसऱ्या माणसाकडून मोजमाप घ्या. टॅक सोडवायला दहा मिनिटं लागतात, पूर्ण जॉइंट कापायला एक एल्बो.

तपासणीचं बोलावणं स्वतःची तपासणी संपल्याशिवाय पाठवू नका. पहिल्या भेटीत तीन स्पूल चुकीचे निघाले की पुढच्या प्रत्येक भेटीत सगळेच तपासले जातात. तीस-तीसचे सहा लॉट करा आणि शिपयार्डकडून लॉटप्रमाणे पाठवणी आणि लॉटप्रमाणे बिल लेखी मान्य करून घ्या. रेडिओग्राफीची माणसं बाहेरून येतात, एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी असलेलीच हवीत. काम रात्री, भोवती दोरी लावून, म्हणून त्यांनाही लॉटप्रमाणेच बोलवा. तपासनीस आले की चहा-जेवण कारखान्यात सगळ्यांना जे असेल तेच. सुरमईचं ताट, काजूची पिशवी, हापूसची पेटी यातलं काही गाडीत ठेवू नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली थेट गुन्हेगार ठरतो. आणि पाहुणचार जास्त झाला की चांगला तपासनीस उलट जास्त खोलात शिरतो.

ड्रॉइंगांवर कडक राहा. प्रत्येक प्रिंटला नंबर, देण्या-घेण्याची सही, जुनी रिव्हिजन त्याच दिवशी परत आणि फाडून नष्ट. शॉपफ्लोअरवर मोबाइल कॅमेरा बंद. तुमची पोरं उत्साहाने स्पूलसोबत रील टाकतील, मागे ड्रॉइंगवर जहाजाचा यार्ड नंबर दिसेल. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आणि तुम्ही सही केलेला गोपनीयतेचा करार, दोन्ही समजावून सांगा. ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर सब-व्हेंडरला पाठवणं हाही त्यातच आला.

पैशांचं. दंडाची, म्हणजे एलडीची, भीती शेठना जरा जास्तच वाटत असणार. सरकारी ऑर्डरींत तो सहसा दर आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल ५ टक्के असतो, बहुधा उशीर झालेल्या मालाच्या किमतीवर. तुमच्या ऑर्डरचं कलम वाचा. अर्धा माल चार आठवडे उशिरा गेला, तर ६० लाखांवर २ टक्के, १ लाख २० हजार. त्याहून महाग पडतं अडकलेलं भांडवल आणि पुढच्या निविदेत दिसणारं वाईट रेटिंग. उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी झालेली आहे ना, ते आजच पाहा. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे माल स्वीकारल्यापासून करारात काहीही असलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, आणि माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पहिल्याच गिऱ्हाइकाविरुद्ध थकीत बिलांच्या तक्रारींसाठीच्या समाधान पोर्टलवर जायची कुणाची छाती होत नाही, म्हणून ट्रेड्सवर, म्हणजे बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी करा. केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांना त्यावर असणं बंधनकारक आहे. शिपयार्डने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे काही दिवसांत मिळतात आणि शिपयार्डने पुढे थकवलं तर बँक तुमच्या मागे लागत नाही.

बिल अडतं ते क्षुल्लक कारणांनी. इन्व्हॉइसवर तपासणी नोटचा नंबर नाही, पीओची (खरेदी ऑर्डरची) लाइन जुळत नाही, परफॉर्मन्स बँक गॅरंटी त्यांच्या नमुन्यात नाही. ही गॅरंटी वॉरंटी संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत चालू लागते, आणि बँक तेवढा काळ तुमचं मार्जिन अडकवून ठेवते. ते पैसे पगाराच्या हिशेबात धरू नका. आणखी एक बारकी युक्ती: लॉट २८ तारखेला तयार झाला आणि घाई नसेल तर पाठवणी-बिल पुढच्या महिन्याच्या २ तारखेला करा. जीएसटी भरायला २२-२३ ऐवजी ४८-४९ दिवस मिळतात.

पाठवणीत स्पूल वजनाला हलके पण आकाराने अडेल. लाकडी चौकटीत, एकमेकांना न घासता, लोखंडी साखळी थेट लावू नका. गणपतीच्या आधी मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी येते. तुमची गाडी छोटी असली तरी त्या दिवसांत ती कोंडीत उभी राहणारच.

शेठच्या "सगळं" या उत्तराला एक अपवाद करून घ्या: क्वालिटी इन्चार्ज तुमच्या हाताखाली नको. तो थेट शेठना उत्तरदायी असावा. उत्पादनाच्या माणसाच्या दबावाखाली सही करणारा क्यूसी शिपयार्डच्या ऑडिटला एका तासात उघडा पडतो. तुमच्या नेमणूकपत्रात चार गोष्टी मागा: लॉट थांबवण्याचा अधिकार, ठरावीक रकमेपर्यंत खरेदीची सही, शिपयार्डशी पत्रव्यवहार फक्त तुमच्या नावाने, आणि शेठनी तपासनीसाला परस्पर फोन करायचा नाही. शेवटची अट ते हसण्यावारी नेतील. तरी लिहून घ्या.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हिंड्रन्स रजिस्टर काढून बसा. मंजुरीत गेलेले दिवस शिपयार्डच्या बाजूचे किती आणि तुमचे किती, ते वेगळे करा. त्यांच्या बाजूच्या दिवसांपुरती, तारखा आणि मेलसंदर्भासह, एलडी न लावता मुदतवाढ मागा, आणि तो अर्ज ५ ऑक्टोबरच्या पुष्कळ आधी पोचवा. तारीख उलटल्यावरच्या अर्जाला वजन नसतं. पुढची निविदा भराल तेव्हा प्री-बिड प्रश्नातच विचारा की मुदत ऑर्डरच्या तारखेपासून मोजणार की क्यूएपी मंजुरीपासून. उत्तर 'ऑर्डरपासून' असं आलं तर दिलेल्या आठवड्यांतून आठ वजा करून मगच दर भरा.